आवाज भाड्यानं, जीभ न्हाई

सावेडी, नगर
बुधवार

प्रिय ज्ञाना,

लाडवाच्या डब्याला चिकटवलेला लिफाफा बघून तू आधी डबाच उघडशील, हे मला माहीत आहे. उघड. वर लाडू आहेत, हिनं केलेले, डिंक जरा जास्त पडलाय. खाली फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू आहे, तिच्याबद्दल शेवटी लिहितो. टेम्पोवरच्या बजरंगला बजावून सांगितलंय की डबा ज्ञानोबांच्याच हातात द्यायचा, वहिनींकडे नाही आणि तुझ्या लेकीकडे, धनश्रीकडे तर मुळीच नाही. तो म्हणाला, "शेठ, लाडवात बाँब हाय का काय?" म्हटलं, तसंच समज आणि खड्डे बघून चालव.

आता तू भुवया चढवशील की फोन असताना राधूला कागदाची हुक्की कशी आली. कारण आहे, तेही पुढे येईल. तसं फोनवर तरी तू कुठं उत्तर देतोस? मी लिहितो, दोन निळ्या खुणा उमटतात, म्हणजे वाचलं, आणि मग जामखेड गप्प. दिवाळीपासून हेच चाललंय. मला वाटलं तू रागावलायस. मग वाटलं, रागावला असता तर शिवी लिहिली असती. शिवी टाइप करायला तुला कितीसा वेळ लागतो! हा राग नाही, हे दुसरंच काहीतरी आहे, आणि ते काय आहे हे मला बहुतेक कळलंय. चुकत असेन तर लाडू परत पाठव.

इकडची खबर म्हणशील तर लग्नसराई तोंडावर आलीय. नवीन मिक्सर घेतलाय, एवढी बटणं आहेत त्याला की विमान उडवतोय असं वाटतं. गुडघे कुरकुरतात, कान मात्र शाबूत. परवा डॉक्टरनं तपासले, म्हणाला या वयात असे कान बघितले नाहीत. मी म्हटलं, डॉक्टर, याच कानांवर दोन मजले चढवलेत. खोटं नाही ते. तुझा घसा आणि माझे कान, एवढंच भांडवल होतं आपल्याकडे.

परवा मिक्सरपुढे बसलो होतो आणि एकदम कारखान्यावरचा गाडीतळ आठवला. आपल्या दोघांचेही आईबाप कोयते घेऊन ऊसतोडीला आलेले, आणि आपण पाचटाच्या कोपीबाहेर बसून नाकं पुसतोय. वजनकाट्यावरचा माणूस गाड्यांचे नंबर पुकारून पुकारून घसा बसल्यामुळे वैतागला होता. तू त्याच्या शेजारी उभा राहून गंमत म्हणून नंबर पुकारलास आणि पार तळाच्या टोकाला पेंगणारे बैलसुद्धा उठून उभे राहिले. त्या माणसानं तुला तिथंच ठेवून घेतलं. माझी आई म्हणाली होती, "ह्या पोराच्या नरड्यात देवानं भोंगाच बशिवलाय." आणि मी काय करत होतो? तिथल्या तुटक्या भोंग्याला कान लावून ऐकत होतो की खरखर नेमकी कुठून येतेय. तू बोलायचं आणि मी ऐकायचं, ही वाटणी तिथंच झाली. पुढे मी पहिला ॲम्प्लिफायर घेतला, तू माइक धरलास, आणि जामखेडपासून नगरपर्यंत आपल्याशिवाय ना जत्रा भरली, ना कुस्त्यांचा फड रंगला, ना कुणाच्या मांडवात अक्षता पडल्या.

तुझ्या सवयी मला माझ्या बायकोच्या सवयींपेक्षा जास्त पाठ आहेत. तू कधी "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" म्हणाला नाहीस. करंगळीशेजारच्या बोटातली चांदीची अंगठी माइकच्या जाळीवर दोनदा मारायचास. टक टक. बास. मग नाकानं एक श्वास, आणि "कान हिकडं, मंडळी!" बाया हातातली कामं टाकायच्या. आणि लग्नात, सगळे निवेदक म्हणतात तसं "मामांनी नवरीला घेऊन यावं" हे तुझ्या तोंडून कधी निघालं नाही. तू म्हणायचास, "मामा, आमची लेक घेऊन या." कुणाची का लेक असेना, तू "आमची"च म्हणायचास. तेवढ्या पाच शब्दांना मांडवातले निम्मे पुरुष डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं करायचे. मी मिक्सरपाशी मान खाली घालून वायर तपासायचो. दर लग्नात कसली रे वायर तपासायची असते!

मग तुझ्या घशात गाठ निघाली. त्याबद्दल नको लिहायला, तू भोगलंस, मी नुसता दवाखान्याच्या बाकावर बसलो. डॉक्टर म्हणाले स्वरयंत्र काढावं लागेल, आणि तू आत जाताना स्ट्रेचरवरून मला म्हणालास, "राधू, लाईन बंद कर." तुझ्या तोंडचं मी ऐकलेलं शेवटचं वाक्य ते. तूही हसत होतास, मीही.

गळ्याला पंचा गुंडाळून तू घरी आलास. पहिले काही महिने मला वाटायचं तू खचशील, पण तू अंगणात भेंडी लावलीस, शेजारच्या साळूबाईशी हातवारे करून भांडायला लागलास, आणि भांडणं जिंकायलाही लागलास. सगळं रुळावर येत होतं. आणि मग दिवाळीच्या तोंडावर ती फर्निचरवाल्याची रिक्षा आली.

वहिनींनी मला फोनवर सगळं सांगितलं. तू सांगितलं नाहीस. कपाटं-पलंगांच्या सेलची रिक्षा गावभर फिरत होती आणि भोंग्यातून तुझा आवाज येत होता. "कान हिकडं, मंडळी!" दुकानदारानं फोनवरच्या कुठल्यातरी ॲपला तुझे इंटरनेटवरचे कुस्त्यांचे व्हिडिओ ऐकवले आणि ॲपनं तुझा आवाज तयार करून दिला. गावाला वाटलं ज्ञानबाला देव पावला. साळूबाई नारळ घेऊन दारात आली, "आयकलं रं देवानं, आयकलं!" तिच्यामागं पेढे, हार, फटाकेसुद्धा. आणि तू दारात उभा, गळ्याला पंचा, तोंडातून शब्द नाही. वहिनी सगळ्यांना चहा विचारत सुटल्या. काहींना कळलं, ते चपला शोधायला लागले. एकानं मात्र जाता जाता टोमणा मारलाच, "आता फुकट बोलायचा न्हाई व्हय निवेदक? रिक्षावर बरा बोलतू!" वहिनी म्हणाल्या, त्यानंतर तू आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपलास.

मी ती जाहिरात ऐकली. इंटरनेटवरही टाकली होती त्यानं. गावाला फसवेल, मला नाही. सुरुवातीची "कान हिकडं"ची आरोळी आपल्या चॅनेलवरून जशीच्या तशी उचललेली, ती खरी. पुढचं सगळं मशिनचं. श्वास नव्हता त्यात. तू तीन वाक्यांनंतर दमतोस, चौथं वाक्य जरा खाली येतं, तिथंच तर माणूस असतो. हा ज्ञाना दमतच नव्हता. कपाटं संपली तरी हा बोलत राहिला असता.

फर्निचरवाला वाईट माणूस नाही रे. मी त्याच्याकडे गेलो तर म्हणाला, "शेठ, ज्ञानोबांचा मान राखला म्या. परक्याचा आवाज वापरला असता तर तुमाला बरं वाटलं असतं का?" चहा पाजला त्यानं मला. रिक्षा त्यानं त्याच दिवशी थांबवली. पण जाहिरात तोवर फोनाफोनी पसरली होती, आणि खरी गंमत तिथंच झाली. तू स्वतः त्या व्हिडिओवाल्या कंपनीकडे तक्रार केलीस की हा माझा आवाज आहे, काढून टाका. त्यांचं उत्तर आलं की या रेकॉर्डिंगचे मालक तुम्ही नाही. मग धनश्रीनं मला फोन केला, "काका, रेकॉर्डिंग तुमच्या नावावर आहे, तुम्हीच करा." मी केली. लगेच काढलं. मला वाटलं, चला, काम झालं. तुला अंगठ्याचं चित्र पाठवलं. तेव्हापासून तू गप्प आहेस.

मला उशिरा उमगलं, ज्ञाना. तुझा आवाज तुझ्या नावावर नाही, माझ्या नावावर आहे, हे तुला एका परक्या कंपनीनं लिहून कळवलं. आणि मी वर अंगठा दाखवला!

धनश्रीनं मला सगळा कायदा समजावला. पोरगी हुशार, जामखेडच्या कोर्टात तिला उगाच मान देत नाहीत. ती म्हणाली, ज्यानं रेकॉर्डिंग केलं तो रेकॉर्डिंगचा मालक. बोलणाऱ्याचेही काही हक्क असतात, पण ते मिळवायला भांडावं लागतं. आणि नुसत्या आवाजाला कॉपीराइटच्या कायद्यात रकानाच नाही. मोठ्या नटांच्या, गायकांच्या आवाजाला कोर्टांनी संरक्षण दिलंय. जामखेडच्या निवेदकासाठी अजून कुणी दार ठोठावलेलं नाही. मी आयुष्यभर कॉपीराइटवाल्यांशी भांडलो. लग्नात गाणी वाजवली की कुणीतरी कागद नाचवत यायचा, पैसे भरा म्हणायचा, आणि मी त्याला कायद्याचं कलम दाखवायचो की लग्नाला माफी आहे. आणि आता मीच मालक! तेही कशाचा, तर तुझ्या नरड्याचा. माझी आई असती तर म्हणाली असती, भोंगा देवानं बशिवला आन् सातबारा ह्याच्या नावावर कसा?

गेल्या महिन्यात इथल्या एका वाचनालयानं परिसंवाद ठेवला होता. 'तंत्रज्ञान, कॉपीराइट कायदा आणि व्यक्तिस्वातंत्र्य'. विषय एवढा लांब की फलकावर 'स्वातंत्र्य' खालच्या ओळीत लोंबकळत होतं. मलाही बोलायला बोलावलं. साउंड आपलाच होता आणि फुकट दिला होता, म्हणून बोलावलं असेल असा माझा संशय आहे. तुला येण्याबद्दल लिहिलं होतं. निळ्या खुणा.

व्यासपीठावर ओंकार नावाचा तरुण होता, इथंच सावेडीत त्याची मशिनचे आवाज बनवायची कंपनी आहे. गोड बोलतो. म्हणाला, आवाज म्हणजे हवेतली लाट, लाटेला कुंपण घालता येत नाही. आणि आज आवाजावर पहारा बसवलात तर उद्या जत्रेत नकला करणाऱ्या सोंगाड्यालाही आत टाकाल. टाळ्या पडल्या. मलाही पटलं, खोटं कशाला सांगू. मग पंकजाताई म्हणून एक शिक्षिका उठल्या, त्यांना दिसत नाही. त्या म्हणाल्या, "मशिनच्या आवाजाला सरसकट शिव्या देऊ नका. पुस्तकांचे मालक परवानगी देत नव्हते तेव्हा मी वर्षानुवर्षं कुणीतरी वाचून दाखवील म्हणून ताटकळलेय. आता फोन वाचून दाखवतो. तो आवाज मुळात कुठल्यातरी बाईच्या घशातला आहे, तिला मी रोज मनातल्या मनात नमस्कार करते. पण तिनं तो दिलाय, हं. काढून घेतलेला नाही." तेही पटलं. माझं असंच असतं, कान चांगले असल्याचा हा तोटा, सगळ्यांचंच ऐकू येतं.

माझी पाळी आली आणि मी उठायच्या आत मागून एकजण ओरडला, "शेठ, जन्मभर दुसऱ्यांची गाणी वाजवून बंगला बांधला, आता कॉपीराइट आठवला व्हय?" सभागृह खो खो हसलं. मीही हसलो. म्हटलं, खरंय बाबा, म्हणूनच मालकीबद्दल बोलत नाही. दुसरंच सांगतो. आणि मी त्यांना ती कुस्ती सांगितली.

कुठली ते तुला कळलं असेल. गावाचं नाव मी तिथंही घेतलं नाही, अजून तिथली सुपारी घेतो आपण. जत्रेची शेवटची कुस्ती, गावच्या बड्या असामीचा पुतण्या एका बाजूला, ऊसतोड्याचा पोर दुसऱ्या बाजूला. पोरानं पुतण्याला असा आडवा केला की पाठीला माती लागलेली पार झाडावरच्या पोरांनी बघितली. असामी तुझ्यापाशी आला आणि म्हणाला, "बरोबरीत सुटली म्हन." पंच मान खाली घालून उभे. तू त्याच्याकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस, आणि माइकचं बटण बंद केलंस. माइक मांडीवर घेऊन खाली बसलास. हलगी थांबली. असामी म्हणाला, "पैसं घेतल्यात ना रं बोलायचं?" आणि तू बिनमाइकचा, पण सगळ्या फडाला ऐकू जाईल असा म्हणालास, "आवाज भाड्यानं दिलाय, जीभ न्हाई." मला वाटलं आज आपले स्पीकर फुटणार, डोकी पण. पण मागून कुणीतरी म्हणालं "चितपट!" मग दुसरा, मग तिसरा, मग सगळा फडच. असामी धोतर सावरत निघून गेला. मग तू उठलास, बटण चालू केलंस, टक टक, आणि निकाल सांगितलास.

हे सांगून मी ओंकारला विचारलं, तुमच्या मशिनला नको म्हणता येतं का? बरा मुलगा आहे, खोटं बोलला नाही. म्हणाला, "नाही काका. टाइप कराल ते बोलतं." मी म्हटलं, मग आवाज हुबेहूब असेल, पण ज्ञानोबा नाही तो. ज्ञानोबा म्हणजे ते बटण. आणि खाली बसलो. टाळ्या पडल्या का ते आठवत नाही, माझं लक्ष एका स्पीकरच्या खरखरीकडे होतं.

आता कागद का, ते. कारण तुझा फोन धनश्रीही बघते, आणि हे तिच्याबद्दल आहे. त्या परिसंवादाला ती आली होती, मागे बसली होती. नंतर ओंकारला भेटली, आणि आठवड्याभरानं माझ्याकडे आली. तिच्या लग्नात तिला तुझा आवाज हवाय. मशिननं केलेला. जाहिरात नाही, भाषण नाही, फक्त एक वाक्य. कुठलं ते तुला सांगायला नको. म्हणाली, "काका, बाबांनी गावातल्या सगळ्या पोरींना आमची लेक म्हटलं. माझ्याच लग्नात ते गप्प का?" बाबांना आयत्या वेळी चकित करायचंय म्हणाली, आणि वकील असल्यानं पुढचंही बोलली, की परवानगी कायद्यानं तुम्हीच द्यायचीय. मला तिला होही म्हणवलं नाही आणि नाहीही. इंटरनेटवरच्या व्हिडिओत हलगी आणि गोंगाट फार, एक वाक्य नीट काढायचं तर आपली मूळ रेकॉर्डिंग लागतात, माइकमधून थेट घेतलेली. ती सगळी, पहिल्या कॅसेटपासून उतरवून घेतलेली, लाडवांखालच्या त्या हार्डडिस्कमध्ये आहेत. तुझं ते वाक्यही त्यात कितीतरी वेळा आहे, पण ते दुसऱ्यांच्या लेकींना म्हटलेलं. चॅनेलवरचे व्हिडिओ मी काढलेत. एक प्रत ठेवावी का असं मनात आलं होतं, फार आलं होतं, ठेवली नाही. येत्या रविवारी मांडवाची जागा मोजायला मी येतोय, जुना माइक घेऊन. अंगणात उभा करीन, चालू करीन, आणि तुझ्याकडे पाठ करून स्पीकरपाशी बसेन. तिला ते वाक्य द्यायचं असेल, तर अंगठीनं दोनदा वाजव. तुझ्या समोर, तुला हवं तसं करून घेऊ, आणि अक्षता पडल्या की पुसून टाकू. द्यायचं नसेल तर बटण बंद कर. मी तिला समजावीन, आणि मामांना मीच हाक मारीन, माझ्या या फाटक्या आवाजात. ती रडायच्या जागी हसेल एवढंच. दोन्हीतलं काहीही असो, मला ऐकू येईल. माइक बंद होतानाही बारीक आवाज होतो, ज्ञाना, तो ह्या जगात फक्त मला ओळखता येतो.

तुझाच,
वायर तपासणारा
राधू